फूटपट्टीनं लावलेलं दार

हल्ली फूटपट्टीला कुठलीच वेबसाइट धड आत घेत नाही. वीजबिलाची साइट म्हणते, तुमचा ब्राउझर जुना झाला, नवा घ्या. बँकेची तर तेवढंही बोलत नाही, नुसतं पांढरंफटक पान दाखवून गप्प बसते. दवाखान्याची त्याहून वस्ताद. ती नाव विचारते, वय विचारते, कुठं दुखतंय ते विचारते आणि अगदी शेवटचं बटण दाबायच्या वेळी सांगते की बाई, तुमच्याकडे हे बटण चालत नाही. दुसरं कुणी असतं तर त्या साइटच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पण फूटपट्टी, सत्तरी ओलांडलेली ही बाई, जिच्या नाकावर जन्मभर राग बसलेला, ती अशा वेळी गालातल्या गालात हसते, चष्मा पदरानं पुसते आणि म्हणते, "बरोबर आहे. सुपात होते तेव्हा हसले, आता जात्यात आले."

तिची भाची, म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी, हेच वेबसाइटी बनवायचं काम करते. "मावशी, नवा संगणक घेऊन देते, हा भंगारात टाक," असं ती दर भेटीत सांगते. मावशी नको म्हणते, आता आपणही थोडं दाराबाहेर उभं राहून बघावं म्हणते. हट्टीपणा म्हणा हवं तर, पण त्यामागे एक गोष्ट आहे, आणि ती कळायची तर आधी छापखान्यात जायला हवं. तो छापखानाही आता नाही, तिथं गाड्या धुतात.

एका लांबुळक्या खोलीत तो छापखाना होता. खिडक्यांच्या बाजूनं लाकडी घोडे, त्यांच्यावर तिरपे ठेवलेले खण, आणि खणांच्या एवढ्याएवढ्या घरांत शिशाचे खिळे. एकेक अक्षर म्हणजे एकेक खिळा. मधोमध मोठं मशीन, ते सुरू झालं की शेजारच्या शिंप्याची कात्रीसुद्धा टेबलावर नाचायची. रॉकेलचा, शाईचा आणि ओल्या कागदाचा वास. आज कुणी रॉकेलचा डबा उघडला की फूटपट्टी दोन क्षण डोळे मिटते. असल्या वासानं कुणाला बरं वाटतं का? तिला वाटतं.

तिचे वडील त्याच छापखान्यात बाइंडर होते. ते गेले तेव्हा ही पोर नुकती शाळा संपवून घरी बसलेली. मालकांनी तिला बोलावलं आणि काचेच्या एका खोपटात नेऊन मास्तरांसमोर उभं केलं. मास्तर म्हणजे मुद्रितशोधक. अंगानं काडी, मानेवर कायम मफलर, कानावर लाल पेन्सिल आणि डोळ्यांवर असा जाड चष्मा की त्यामागचे डोळे कुणाला कधी नीट दिसलेच नाहीत. त्यांना मूळ कागद, छापखान्याच्या भाषेत कॉपी, मोठ्यानं वाचून दाखवणारं माणूस हवं होतं. ते प्रूफ बघणार, तिनं शेजारी बसून वाचायचं.

वाचायचं म्हणजे कसं? तर आहे ते सगळं. "गावाबाहेर एक विहीर होती स्वल्पविराम पण तिला पाणी नव्हतं पूर्णविराम परिच्छेद." असं. चार महिन्यांत हे तिच्या जिभेत इतकं मुरलं की घरी धाकटीवर ओरडताना सुद्धा तोंडून निघायचं, "गप्प बस उद्गारचिन्ह!" आई कपाळावर हात मारायची. म्हणायची, छापखान्यात पोरगी पाठवली आणि परत पोपट आला.

मास्तरांचा नियम एकच. "कॉपीत आहे ते वाचायचं, पोरी. पदरचं घालायचं नाही आणि लाजेकाजेनं गाळायचं नाही." एकदा एक कादंबरी आली. प्रेमाबिमाची. वाचता वाचता एका ठिकाणी नायकानं नायिकेला जवळ ओढलं, आणि फूटपट्टीनं ते वाक्य गिळून सरळ पुढचा परिच्छेद धरला. मास्तरांनी प्रूफवरची नजर काढली नाही. नुसते म्हणाले, "मध्ये काहीतरी गाळलंस. मागे जा." काचेबाहेर मशीनमन उभा होता, तो खिंकाळला. बिचारीनं कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत ते वाक्य वाचलं, स्वल्पविरामासकट. मास्तर म्हणाले, "हं," आणि पुढं गेले. कसं कळलं त्यांना? प्रूफ समोर होतं म्हणून कळलं असेल असं तिला वाटायचं. पण प्रूफ नसतानाही त्यांना कळायचं. गाळलेलं वाक्य त्यांच्या कानाला, जिन्याची पायरी चुकल्यासारखं लागायचं.

पुढं ती खिळे जुळवायला शिकली. आणि काय शिकली! तिची ओळ म्हणजे ओळ. डावीउजवीकडं केसभर इकडंतिकडं नाही. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं तर ती जेवणाच्या सुट्टीत स्टुलावर चढून सरळ करायची. चहाचे कप एका रांगेत नसले तर चहा घ्यायची नाही. मशीनमननं तिचं नाव फूटपट्टी ठेवलं. "अगं, सरळ बोटानं तूप निघत नाही," तो चिडवायचा. ती म्हणायची, "मग तूप नको."

तिचं जुळवलेलं पान मास्तरांकडं जायचं. मास्तरांनी तोंडानं कुणाची तारीफ केल्याचं कुणाला आठवत नाही. पण पान निर्दोष असलं की वरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलनं एकच शब्द यायचा, "छापा." पहिल्याच प्रुफावर "छापा" मिळणं म्हणजे छापखान्यातली पदवीच. फूटपट्टीला ते ज्या दिवशी पहिल्यांदा मिळालं त्या दिवशी ती घरी चालत गेली नाही, तरंगत गेली. आईला सांगितलं. आई म्हणाली, "मग? पगार वाढला का?" आयांना काही कळत नाही.

मग संगणक आले. सगळीकडं आले तसे याही छापखान्यात आले, आणि फूटपट्टीच सगळ्यांत आधी शिकली. मास्तरांना ते मुळीच रुचलं नाही. "पडद्यावर दिसतं ते पान नव्हे," म्हणायचे. खिळे वितळवायला विकले, आणि ज्या दिवशी हमाल गोण्या भरून नेत होते, त्याच दिवशी तिनं संगणकावर केलेलं पहिलं पान मास्तरांच्या हाती पडलं. उजवा समास वाकडा गेला होता. मास्तरांनी ते पान लालेलाल केलं आणि सगळ्यांसमोर तिच्यापुढं ठेवलं. खरं तर त्यात नवीन काही नव्हतं, ते नेहमीच असं करायचे. पण त्या दिवशी घरातलं कुणीतरी जावं तशा गोण्या दारातून चाललेल्या, मन आधीच खवळलेलं, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. ती म्हणाली, "मास्तर, वाकडं-सरळ आता मशीन बघेल. तुमच्या डोळ्यांची गरज राहिली नाही."

हमालसुद्धा थांबले. मास्तरांनी चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी बंद केली. त्या दिवशी तिनं त्यांचे डोळे पहिल्यांदा पाहिले. लहानसे होते, पाणावलेले. त्यांनी मफलर सारखा केला आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, नंतर कधीच आले नाहीत.

माफी मागायला जायला काय झालं होतं? हेच तिनं स्वतःला पुढं कितीदा विचारलं. सुरुवातीला राग होता, मग लाज आली, मग लाजेचीही सवय झाली. मास्तर मुलाकडं शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले. मशीनमनकडून तिनं पत्ता घेतला, पर्समध्ये ठेवला, पर्स बदलली तेव्हा नव्या पर्समध्ये ठेवला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसली गत. यथावकाश छापखानाही बंद पडला आणि सगळे चहूदिशांना पांगले.

बरीच वर्षं अशीच गेली. मग भाचीला नोकरी लागली, तिनं मावशीला एक संगणक आणून दिला आणि वेबसाइट कशी करतात ते दाखवलं. मावशी बघतच राहिली. मजकुराला आधी एक खूण, नंतर एक खूण, उघडलेली खूण बंद करायची, नाहीतर सगळं पान कोसळतं. "अगं, हे तर खिळे जुळवणंच झालं!" ती ओरडली. आणि लागली की कामाला. छापखान्याचं एक पान तिनं स्वतःच्या हातानं, एकेक खूण टाइप करून उभं केलं. त्यात मशीन कसं चालायचं ते होतं, कोणत्या अक्षराचं घर कुठं होतं त्याचा नकाशा होता, मालक, मशीनमन, हमाल, सगळ्यांच्या हकिकती होत्या. खाली एक अभिप्रायाचा रकाना ठेवला. जुने लोक एकेक करून सापडायला लागले. कुणी लिहायचं, "मी पेपर कापायचो, ओळखलं का?" त्या काळी लोक एकमेकांच्या पानावर असे जायचे, शेजारच्या घरी डोकवावं तसे. हातानं बनवलेली पानं होती, कुणाची भडक, कुणाची वेडीवाकडी, पण माणसाची ओळख पटायची. आता तसं काही राहिलं नाही.

सगळ्यात शेवटचं पान मास्तरांचं होतं, आणि बाकी सगळा खटाटोप त्या एका पानासाठीच होता. जे तोंडानं बोलता आलं नाही ते तिनं तिथं लिहिलं. आपण काय बोललो ते शब्दशः लिहिलं, आणि चुकलं म्हणून लिहिलं. मग मशीनमनला फोन केला. "मास्तरांना सांगशील? म्हणावं, एकदा पान बघा." दोन दिवसांनी त्याचा निरोप आला, "सांगितलं. म्हणाले, घराजवळच्या वाचनालयात संगणक आहे, जाऊन बघतो."

आता झालं असं की नेमक्या त्याच आठवड्यात भाचीनं मावशीला आपल्या ऑफिसात नेलं, कौतुकानं, सगळ्यांना मावशीची साइट दाखवायला. ऑफिसातल्या संगणकावर ब्राउझर वेगळा होता. संगणकाबरोबर आपसूक येणारा, ज्याच्या-त्याच्याकडं असणारा. फूटपट्टीनं स्वतःच्या घरी भाचीनं घालून दिलेला दुसराच ब्राउझर वापरलेला. पान उघडलं. समास गायब. नकाशा मजकुरावर चढून बसलेला. ओळी एकमेकींच्या उरावर.

"हे कुणी केलं?" ती किंचाळलीच.

"कुणी नाही गं. हा ब्राउझर असाच आहे, स्वतःच्या मनानं वाचतो," भाची म्हणाली.

घरी येऊन तिनं अनेक दिवस मारामारी केली. इकडं सरळ करावं तर तिकडं वाकडं. शेवटी तिच्या डोक्यात एकच विचार घुमायला लागला. मास्तर वाचनालयात जाणार. तिथं हाच ब्राउझर असला तर? ज्या माणसाला एका वाकड्या समासावरून टाकून बोलले, त्याला माफीचं पानही वाकडंच दाखवू? मेले तरी दाखवणार नाही! तिनं भाचीकडून दोन ओळी लिहून घेतल्या, दाराशी राखणदार बसवावा तशा. तो ब्राउझर घेऊन कुणी आला की पान उघडणारच नाही, त्याऐवजी पाटी दिसेल. पाटी तिनं रागारागात स्वतः लिहिली. "या ब्राउझरमध्ये हे पान वाकडं दिसतं. वाकडं पान मी कुणाला दाखवत नाही. दुसरा ब्राउझर घेऊन या."

भाची म्हणाली, "मावशी, हे बरं नाही. निम्मी माणसं दारातून परत जातील. दुकानदारानं गिऱ्हाइकाच्या चपला बघून दार उघडायचं असतं का?"

"प्रूफ न बघता छापलेलं पुस्तक दुकानात मांडायचं असतं का?"

"वाचणारा फाटकं पुस्तकही वाचतो गं. आणि त्याच्याकडं दुसरा ब्राउझर नसलाच तर? ऑफिसातले, वाचनालयातले लोक, त्यांच्या हातात असतं का काही?"

"मग त्यांनी त्यांच्या साहेबांशी भांडावं. सगळे असेच चालवून घेतात म्हणून तो ब्राउझर सुधारत नाही. कुणीतरी दार लावल्याशिवाय अक्कल येते का कुणाला?"

"नाचता येईना, अंगण वाकडं," भाची पुटपुटली.

"अंगण वाकडंच आहे!" मावशी कडाडली.

आता खरं सांगायचं तर तिचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. अशा पाट्या त्या काळी अनेकांनी लावल्या होत्या, आणि तिच्या रकान्यात दोघाचौघांनी "शाबास, असंच पाहिजे" असं लिहिलंही. पण ब्राउझर काही पाटी वाचत नाही. पाटी वाचतो तो त्याच्यामागं बसलेला माणूस. हे तिच्या लक्षात आलं नाही, आणि आणखी एक गोष्ट लक्षात आली नाही. तिनं रागानं तो ब्राउझर आपल्या संगणकावरून कायमचा हाकलून दिला, त्याचं तोंड बघायचं नाही म्हणून. त्यामुळं ती पाटी तिथं कशी दिसते हे तिनं कधी पाहिलंच नाही. जन्मात पहिल्यांदा तिचं एक पान प्रूफ न बघता बाहेर गेलं.

मग ती मास्तरांची वाट बघायला लागली. सकाळी उठलं की पहिलं काम अभिप्रायाचा रकाना उघडणं. पेपर कापणारा लिहायचा, मालकांच्या सुनेनं लिहिलं, कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांनी लिहिलं. मास्तरांचं अक्षर काही उमटलं नाही. मशीनमनला पुन्हा विचारावं तर तो बिचारा त्या हिवाळ्यात गेला. दिवस गेले, वर्ष उलटलं, आणखी एक उलटलं. फूटपट्टीनं मनाशी ठरवून टाकलं की मास्तरांनी वाचलं आणि माफ केलं नाही. त्यात त्यांचं चुकलं असंही तिला वाटेना. पण रोज सकाळी रकाना उघडायचं मात्र सुटलं नाही, आणि रोज थोडं रडू यायचं तेही सुटलं नाही.

एकदा त्यांच्या भागात रस्ता खणताना टेलिफोनच्या तारा तुटल्या. सगळी आळी मुकी झाली, आणि त्याच तारांवरून येणारं इंटरनेटही बंद पडलं. एक दिवस तिनं कसाबसा काढला, दुसऱ्या दिवशी राहवेना. धाकटी बहीण शहराच्या पलीकडच्या टोकाला राहायची, तिच्याकडं जायचं निमित्त काढून ती निघाली आणि वाटेत वाचनालयाची पाटी दिसली तशी बसमधून उतरली. पत्ता पर्समध्ये होताच. हे वाचनालय कुणाच्या घराजवळचं हे तिला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

आत उन्हाचे पट्टे पडलेले, लांब टेबलं, वर्तमानपत्रं काठ्यांना अडकवलेली. कोपऱ्यात एक संगणक. ग्रंथपाल बाई तरुण, हसऱ्या. "बसा ना काकू," म्हणाल्या. फूटपट्टी बसली, आपल्या साइटचा पत्ता टाइप केला, आणि समोर आली तिची स्वतःचीच पाटी.

पाटी वाकडी होती. डावीकडची अक्षरं पडद्याबाहेर कापली गेलेली, दुसरी ओळ पहिलीवर चढलेली, आणि "दुसरा ब्राउझर घेऊन या" हे शब्द तळाशी कुठंतरी लोंबकळत होते. वाकडं पान मी कुणाला दाखवत नाही म्हणे! मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

"ते पान का?" ग्रंथपाल बाई मागून म्हणाल्या. "ते बंदच असतं हो. आमच्याकडं दुसरा ब्राउझर घालायची परवानगी नाही, संगणक वरच्या ऑफिसातून आलाय. एक आजोबा रोज येऊन हेच पान उघडायचे. किती दिवस! मी म्हटलं, आजोबा, हे काही उघडायचं नाही. तर म्हणायचे, उघडेल, तिचं काम चालू आहे."

फूटपट्टीनं मागं वळून विचारलं, "आता येत नाहीत?"

"येतात की. पण काचबिंदूनं डोळे गेले त्यांचे. आता मलाच विचारतात, उघडलं का गं? मी बघते आणि सांगते, नाही आजोबा. ते काय, तिकडं बसलेत."

खिडकीपाशी उन्हात मफलर गुंडाळलेली काडी बसली होती. चष्मा नव्हता. हात मांडीवर, आणि हातात चष्म्याची रिकामी डबी.

ती उठली, पण खिडकीकडं गेली नाही. तिनं ग्रंथपाल बाईंना विनवलं, टेबलावरचा फोन घेतला आणि भाचीचं ऑफिस गाठलं.

"त्या दोन ओळी काढ."

"कुठल्या?"

"दाराच्या. आत्ता काढ. फोन ठेवू नकोस, काढ."

पलीकडं कळफलक वाजला. मग भाची म्हणाली, "मावशी, तिथं पान वाकडं दिसेल हं."

"दिसू दे!" फूटपट्टी म्हणाली. जन्मात पहिल्यांदाच म्हणाली.

मग ती खिडकीपाशी गेली. "मास्तर," म्हणाली. म्हाताऱ्यानं तोंड नाही, कान वळवला.

"मास्तर, उघडलं."

मांडीवरची डबी त्यांनी चाचपली. मग म्हणाले, "आवाज बसलाय तुझा, पोरी."

तिला हुंदका आला तो तिनं पदरात दाबला. म्हणाली, "मास्तर, मी दार लावलं होतं. तुम्हाला नव्हतं हो लावलं, त्या ब्राउझरला लावलं होतं."

"ते मला काय कळतंय? मी पाटी वाचली. पान वाकडं आहे म्हणून दाखवत नाही, असं लिहिलं होतंस. म्हटलं, बरोबर आहे. कच्चं प्रूफ बाहेरच्याला दाखवायचं नसतं, मीच शिकवलंय. सरळ करत असेल, झालं की उघडेल." त्यांनी मफलर सारखा केला. "तेवढी पाटी मात्र फार वाकडी लावली होतीस."

हसावं की रडावं? तिनं दोन्ही केलं.

"झालं का मग सरळ?"

"नाही मास्तर. वाकडंच आहे. तसंच उघडलंय."

"हं. मला आता दिसत नाही. तू वाच."

ग्रंथपाल बाईंनी संगणकाशेजारी खुर्ची आणून ठेवली. फूटपट्टीनं मास्तरांना हाताला धरून बसवलं. ती डावीकडं, ते उजवीकडं, काचेच्या खोपटात बसायचे तसे. आणि ती वाचायला लागली. ओळी एकमेकींवर चढलेल्या होत्या, डावीकडची अक्षरं तुटलेली होती, पण तिनंच जुळवलेलं, तिला पाठ होतं. "आमच्या छापखान्यात एक मशीन होतं स्वल्पविराम ते सुरू झालं की शेजारच्या शिंप्याची कात्री नाचायची पूर्णविराम परिच्छेद." वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसांनी माना वळवल्या. ग्रंथपाल बाई खरं तर शांतता राखा असं सांगायच्या, पण त्यांनीही गालाला हात लावला. मास्तर मधूनच म्हणायचे, "त्या घरात ढ नव्हता, ध होता." मशीनमनच्या हकिकतीला ते आवाज न करता हसले, आणि तो गेला हे ऐकून बराच वेळ डबीवरून अंगठा फिरवत राहिले.

असं करत करत शेवटचं पान आलं. फूटपट्टीनं पाणी प्यायलं. मग सुरू केलं. "आमचे मास्तर पूर्णविराम. त्यांनी मला ओळ सरळ धरायला शिकवली स्वल्पविराम आणि मी त्यांच्याशी वाकडी वागले पूर्णविराम." आवाज सपाट ठेवायचा, कॉपीत आहे ते वाचायचं, भाव घालायचा नाही, हे सगळं तिला आठवत होतं. "ज्या दिवशी खिळे गेले स्वल्पविराम त्या दिवशी सगळ्यांसमोर मी त्यांना बोलले पूर्णविराम. माझं चुकलं पूर्णविराम. माझ्या हातून आजवर जे काही सरळ झालं ते त्यांच्या डोळ्यांमुळं झालं पूर्णविराम."

ती थांबली. संपलं होतं.

मास्तर कान देऊन बसले होते. त्यांच्यासमोर ना प्रूफ, ना डोळे. हळूच म्हणाले, "मध्ये काहीतरी गाळलंस. मागे जा."

फूटपट्टीनं टेबलाची कड घट्ट धरली. गाळलं होतं. लाजेनं गाळलं होतं. ती मागे गेली, आणि तुटक्या ओळीवर बोट ठेवून वाचलं. "मी म्हणाले दोनबिंदू अवतरणचिन्ह सुरू मास्तर स्वल्पविराम वाकडं-सरळ आता मशीन बघेल पूर्णविराम तुमच्या डोळ्यांची गरज राहिली नाही पूर्णविराम अवतरणचिन्ह पूर्ण."

मास्तरांनी डबी खिशात ठेवली. मग उजवा हात पुढं केला, टेबलावर चाचपत वरचा कोपरा शोधला आणि तिथं लाकडावर नुसत्या बोटानं दोन अक्षरं काढली. तिला ती न उमटताही वाचता आली. छापा.

"पण पान वाकडं आहे, मास्तर," ती रडत रडत म्हणाली.

"असू दे," मास्तर म्हणाले. "मजकूर बरोबर आहे."